बिनमुळाचं पीक

वादळ ओसरलं तेव्हा खाडीतला एकही दोर जागेवर नव्हता. त्या दोरांना बांधून गावातल्या बायकांनी समुद्री शेवाळ वाढवलं होतं. आता ते किनाऱ्यावर येऊन पडलं होतं, तांबूस, चिंध्या चिंध्या झालेलं. बायकांची म्होरकी त्या ढिगापाशी गुडघे टेकून बसली होती. तिचा बाप मागे उभा होता.

बापाने जन्मभर रोपवाटिका चालवली होती. वाळकी काडी खोचली तरी पालवी फुटावी असा त्याचा हातगुण. बायको गेल्यावर तो लेकीकडे राहायला आला, पण तिच्या धंद्याकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. "ना मूळ, ना फूल, ना बी. ही कसली शेती?" असं तो चारचौघांत म्हणे. लेक ऐकून घेई.

आज मात्र तिचा चेहरा बघून तो पुढे झाला.

"उपटलं गेलं गं सगळं," तो म्हणाला. ती ढिगात हात घालून काहीतरी चाचपत होती.

बापाने एक टवटवीत झुबका उचलला आणि घर गाठलं. निदान एवढा तरी वाचवू. नळाखाली धरून त्याने तो खारटपणा जाईपर्यंत धुतला. चांगल्यातली चांगली कुंडी काढली, खत घातलेली भुसभुशीत माती भरली, झुबक्याचं बूड हलक्या हाताने दाबलं, झारीने पाणी घातलं आणि कुंडी सावलीत ठेवली.

दुपार कलायच्या आत झुबका पांढुरका पडून मातीवर लोळला. बोट लावलं तर नुसता बुळबुळीत चिखल.

कुंडी तशीच उचलून तो किनाऱ्याकडे निघाला. आपल्या हातूनही जगत नाही म्हणजे खेळ संपला. पोरीला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि ते त्यालाच सांगावं लागणार होतं.

किनाऱ्यावर रडारड असेल असं त्याला वाटलं होतं. तिथे तर झुंबड उडालेली. बायका कंबरभर पाण्यात उभ्या राहून नव्या दोरांना शेवाळाचे तुकडे बांधत होत्या, वादळाच्या नावाने बोटं मोडत होत्या, हसत होत्या. लेक सगळ्यांच्या पुढे. "ओलं ठेवा गं! एक तुकडा उन्हात राहता कामा नये!"

तिचं लक्ष बापाकडे गेलं, मग कुंडीकडे. ती वाकून बघू लागली आणि एकदम खळखळून हसली.

"बाबा, गोड्या पाण्याने धुतलंत? आणि मातीत लावलंत?"

"मूळ धरेल म्हटलं."

"मूळ नाहीच त्याला! खडकाला धरून राहायला बुडाशी नुसती पकड असते. झाड मुळाने पाणी ओढून शेंड्याला पोचवतं. हे अंगभर समुद्र पितं. प्रत्येक तुकडा आपापलं जेवतो, आपापला वाढतो. हे झाडच नाही, बाबा. लागवडीला आम्ही चाकूने तुकडे करतो ना? वादळाने ते काम फुकटात केलं."

बापाने कुंडी खडकावर ठेवली, विजार दुमडली आणि पाण्यात शिरला.

"गाठ कशी मारायची, दाखव."

तिने दाखवली. त्याने मारलेली पहिली गाठ तिने सोडून टाकली. "सैल आहे. पुन्हा." त्याने निमूटपणे पुन्हा बांधली.

काही आठवड्यांत तुकड्यांचे झुबके झाले, झुबक्यांच्या भाराने दोर बुडू लागले. त्यांना तरंगते डबे वाढवावे लागले. काढणीला होड्यांनी खेपांवर खेपा केल्या. वादळाने नेलं त्याहून अधिक हाती आलं. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या शेवाळाने पाय ठेवायला जागा उरली नाही. बायकांनी म्होरकीला उचलून थेट पाण्यात टाकलं.

तेवढ्यात बापाचा फोन वाजला. जुना रोपवाटिकावाला मित्र होता. "काय रे, तिकडे बाग केलीस की नाही?"

"केली की! सगळी पाण्यात गेली!" बाप हसत ओरडला.

"अरेरे. मग आता कुणाकडे कामाला आहेस की काय?"

"आहे ना," बाप म्हणाला, आणि त्याची छाती फुलून आली. "मालकीण फार कडक आहे. माझीच मुलगी आहे ती."