दोन मिनिटं शांतता

आमच्या छोट्या रेडिओ केंद्राचे मालक काका आणि निवेदकही काकाच. चाळीस वर्षं त्यांचा नियम एकच: प्रसारणात दहा सेकंद शांतता झाली, की मी त्यांच्या आवाजातली टेप लावायची. "ऐकणाऱ्याला वाटायला नको रे, की आपण आटोपलो!"

काका गेले. शोकसभा स्टुडिओतच ठेवली, तीही थेट प्रसारित. भाषणं झाली, रडारड झाली. मग कुणीतरी म्हणालं, "आता दोन मिनिटं शांत उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

सगळे उभे राहिले. काचेपलीकडे मीही मान खाली घातली. सात, आठ, नऊ... माझा मेला हात सवयीनं बटणावर गेला आणि काका घराघरांत कडाडले, "कुठं जाऊ नका हं मंडळी, मी हा आलोच!"

मला धरणी दुभंगावी असं झालं. धावत काकूंपाशी गेलो. "काकू, चुकलं हो माझं!"

काकू पदरात तोंड खुपसून गदगदत होत्या. पदर बाजूला झाला, तर हसून हसून डोळ्यांत पाणी.

"तुझं कुठं चुकलं? घरात कधी दोन मिनिटं शांतता लाभू दिली नाही यांनी, आज बरी देतील!"