मास्तरांच्या हाताखाली

"आधी कुठे काम केलंयस?"

"कुठेच नाही. पण शिकेन. झाडण्यापासून सुरुवात करेन."

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकानं मान हलवली. "थोडा अनुभव घेऊन ये, मग बघू."

"कुणी कामच दिलं नाही, तर अनुभव येणार कुठून?"

"ते मी कसं सांगू?" असं म्हणून त्यानं अगदी अदबीनं दार लावून घेतलं. धाडकन लावलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं, असं दिवटीला वाटलं.

दिवटी हे नाव मावशीनं ठेवलेलं. लहानपणी ही पोर चादरीखाली टॉर्च घेऊन बसायची, भिंतीवर सावल्या नाचवायची आणि घरातल्या सगळ्या बॅटऱ्यांचा फडशा पाडायची. मावशीच्या तोंडी त्या नावात लाड असायचा आणि कार्टी वाया चालल्याची काळजीही. शाळेत असताना तिनं एक नाटक पाहिलं. त्यात एका रिकाम्या खुर्चीवरचा उजेड हळूहळू विझत गेला, आणि कुणी एक शब्द न बोलता सगळ्या प्रेक्षकांना कळलं की म्हातारा गेला. ते दिवे मास्तरांचे होते; रंगभूमीवरच्या प्रकाशयोजनेतलं ते सगळ्यात मोठं नाव. तेव्हापासून दिवटी नाटकाला गेली की नटांकडे कमी आणि वर टांगलेल्या दिव्यांकडेच जास्त बघायची.

पण दिव्यांपर्यंत पोचायचं कसं? एके ठिकाणी म्हणाले, शिडीवर मुली नकोत. दुसरीकडे म्हणाले, आमचा भाचा आहे. बाकी सगळीकडे तोच प्रश्न.

मावशी शिवणयंत्रावर बसली होती. दिवटीचा चेहरा बघून तिला काही विचारावं लागलं नाही.

"चष्म्याच्या दुकानात सोमवारपासून बोलावलंय. मी शब्द दिलाय."

"मावशी, मला दिव्यांचं काम करायचंय गं."

"मग त्या दुकानात काय काळोख आहे?" मावशीनं दातांनी दोरा तोडला. मग आवाज उतरवून म्हणाली, "माझेच डोळे आता सुईला साथ देत नाहीत. तुझं काहीतरी मार्गी लागू दे बाई."

सोमवारच्या आत एकच नाट्यगृह उरलं होतं.

तिथला दिव्यांचा प्रमुख जाडजूड, घामाघूम माणूस होता. सगळे त्याला सर म्हणत. तो जमिनीवर बसून वायरी गुंडाळत होता. त्यानं वरही न बघता विचारलं, "आधी कुठे काम केलंयस?"

दिवटीच्या डोक्यात तिडीक गेली, आणि तोंडातून निघून गेलं, "मास्तरांच्या हाताखाली."

मास्तर गेल्या वर्षी वारले होते. गेलेला माणूस काही साक्ष द्यायला येणार नव्हता.

सरांचे हात थांबले. "मास्तरांच्या? अगं, मी आठ वर्षं होतो त्यांच्याकडे."

दिवटीच्या पायाखालची जमीन सरकली.

"तुझ्याशी कसे वागायचे?" सरांनी विचारलं.

आता बुडायचंच आहे, तर निदान हातपाय तरी मारावेत. "कडक होते. शिव्या द्यायचे," ती म्हणाली, "आणि मग स्वतःच चहा पाजायचे."

सरांनी वायरीचं भेंडोळं बाजूला ठेवलं. "अगदी बरोबर. मलाही पाजायचे."

"दिवा फिरवायचे तो डाव्या हातानं," तिनं ठोकून दिलं.

"हो हो! डावाच हात." सरांनी कपाळाचा घाम पुसला. "उद्यापासून ये."

मावशीला तिनं नोकरी लागल्याचं सांगितलं. कशी लागली ते सांगितलं नाही.

काम ढोर मेहनतीचं होतं. तापलेल्या दिव्यांनी बोटं पोळायची, शिडीवर पोटऱ्या भरून यायच्या, दिव्यांवर लावायचे रंगीत जिलेटिन कागद कापताना एक जरी वाकडा गेला तरी सरांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. पण शिकवायचे जीव तोडून. नटीच्या डोळ्यांखालची सावली कशी काढायची, पहाट आणि संध्याकाळ यांतला फरक कसा दाखवायचा, काहीही हातचं राखून ठेवत नसत.

त्यामुळेच तिला ते खोटं खाऊ लागलं. आठ वर्षं मास्तरांजवळ काढलेल्या माणसाला आपली थाप कळली नसेल? कळलीच असणार. तिची कीव येऊन त्यांनी सांभाळून घेतलं होतं. एवढा मोठा माणूस, आणि आपण त्याच्याशी खोटं बोललो!

नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी तिनं धीर केला.

"सर, मास्तरांबद्दल एक सांगायचं होतं..."

"नको." सरांनी पाठ फिरवली. "त्यांचं नाव निघालं की मला कसंतरी होतं."

त्यांना गुरूच्या आठवणीनं भरून आलंय, असं समजून ती गप्प झाली. तिच्या डोळ्यांतही पाणी आलं. प्रयोग झाला की पायावर डोकं ठेवून सगळं कबूल करायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

प्रयोग झकास झाला. पडदा पडल्यावर दिवटी सरांकडे निघाली, तेवढ्यात निर्माते एका बाईंना घेऊन विंगेत आले. चेहरा नुसता फुलला होता त्यांचा.

"सर, या कोण आहेत ओळखा बघू! मास्तरांची मुलगी. मुद्दाम बोलावलंय. म्हटलं, तुमच्या वडिलांचे दोन दोन शिष्य आमच्याकडे आहेत, भेटा तरी!"

आधारासाठी दिवटीनं सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाईंनी दोघांना नमस्कार केला. एकदा सरांकडे, एकदा दिवटीकडे निरखून बघितलं आणि गोंधळून हसल्या.

"दिवे फार सुंदर झाले हो. पण तुमची काहीतरी गफलत होतेय. बाबांनी जन्मभर एकट्यानं काम केलं. हाताखाली त्यांनी कधी कुणाला ठेवलंच नाही."