तीनची तिरीप

सोलर पॅनल छतापासून दीड मीटरहून उंच नको.

हरकतींसाठी नोटीस फाटकावर एकवीस दिवस.

शेजारच्या काकूंच्या घराची जास्तीची किल्ली, साखरेच्या डब्यामागे.

सासूबाईंच्या श्वासाचं मशीन: वीज गेल्यावर बॅटरीवर चाळीस मिनिटं.

हरकत, एक.

ती विसाव्या दिवशी आली. ‘यांच्या सोलर पॅनलांची तिरीप दुपारी तीनला माझ्या डोळ्यांवर येते.’ खाली काकूंची सही, शेवटच्या अक्षराला नेहमीचा झोका.

“काकूंना जाऊन सात महिने झाले, साहेब,” सून म्हणाली.

“तशी नोंद आमच्याकडे नाही,” नगरपालिकेचा तपासनीस म्हणाला. “हरकत मात्र आहे. हरकत आली की जागेवर जाऊन बघायचं. नियम आहे.”

“बघा. पण लवकर बघा. रोज वीज जाते. काल मशीन बंद पडलं तर सासूबाईंचे ओठ निळे झाले होते.”

तीनला पाच कमी असताना तिनं काकूंचं कुलूप काढलं. कोंदट खोली. खिडकीकडे तोंड करून काकूंची खुर्ची. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. तपासनीस एकदा शिंकला.

मग तिरीप आली. सुनेच्या छताच्या बाजूनं, थेट खुर्चीच्या पाठीवर. चौकोनी, आत बारीक काळ्या रेघा, चौकटी-चौकटी पाडलेली.

तपासनीसानं टेप लावली. “जमिनीपासून एकशे चार सेंटिमीटर. बसल्यावर डोळे इथंच येणार. बरोबर आहे बाईंचं.” त्यानं सुनेकडे पाहिलं. “म्हणजे परवानगीआधीच बसवून मोकळ्या झालात?”

“नाही हो. छतावर चढून बघा ना.”

“हातच्या काकणाला आरसा कशाला, ताई?”

खुर्चीच्या हातावर कागद ठेवून त्यानं लिहिलं: विनापरवाना बसवली. अर्ज नामंजूर. सहा महिने नवा अर्ज घेऊ नये.

सुनेनं तिरिपेत हात धरला. ऊन लागत होतं.

एवढ्यात भिंतीपलीकडे मशीन टीं टीं करू लागलं. वीज गेली होती. ती धावत सुटली, दार उघडं टाकून. तपासनीसही टेप गुंडाळत निघाला. तिरीप खुर्चीत बसून राहिली.

पॅनलांची चारही खोकी सासूबाईंच्या खाटेखाली होती, वरच्या पट्ट्यासुद्धा न कापलेल्या.