पायाला कळतं

यल्लाप्पा सुतार चौकटीचं सागवान डाव्या पायाखाली दाबून पटाशीनं खाच पाडत होता. शिकंज्यात तो लाकूड कधी आवळत नसे. "लाकूड हललं की पायाला आधी कळतं," म्हणायचा. दुसरं टोक त्याच्या बायकोनं, नागुबाईनं धरलं होतं.

एकदम ती किंचाळली, "अवो, पाय! पटाशी पायात गेलीया!"

अंगठ्याजवळून रक्त खाचेत उतरत होतं.

"वरडतीस कशाला? दुखतंय कुठं?" यल्लाप्पा हसला, आणि हसता हसता थांबला. त्याच्या वडिलांनाही आधी असंच दुखेनासं झालं होतं. मग महारोग म्हणून गावानं त्यांना रानात झोपडी घालून दिली. भाकरी लांबून ठेवायचे.

नागुबाईनं पदर फाडून जखम बांधली. मग यल्लाप्पानं पटाशी तिच्या हातात दिली, उजवा पाय पुढं केला आणि डोळे मिटून घेतले.

"टोचव. दुखलं की सांगतो."

नागुबाई त्याच्या पायाशी वाकली.

"टोचव की गं! भितीस काय?"

उजव्या पायावर, पटाशीच्या कोपऱ्याशी, रक्ताचा थेंब कधीच आला होता.