जमीन साफ आहे

"चुंबक ठेव कपाटात," शिंपीमास्तर बायकोला म्हणाले आणि चपला काढून अनवाणीच शिलाईच्या खोलीत शिरले.

लेक येत होती, रांगायला लागलेल्या नातीला घेऊन. आणि घराचं दार उघडायचं ते थेट या खोलीत. पोर इथे तळहात टेकणार, सापडेल ते तोंडात घालणार. एखादी सुई पडून राहिली असली तर?

काम आवरलं की अनवाणी फिरून पडलेल्या सुया शोधायच्या, ही त्यांच्या उस्तादांची शिकवण. मास्तर त्यात पटाईत. सुई रुतायच्या आत पाय उचलायचे. हल्ली मात्र एकही सापडत नव्हती. "म्हातारपणी हात बसला बघ माझा, सुई पडतच नाही," असं ते ऐटीत सांगायचे. साखरेचं दुखणं जुनं होतं. तळपायांना रात्र रात्र मुंग्या यायच्या, आग व्हायची. तेही आता थांबलं होतं. डॉक्टरांनी पाय दाखवायला बोलावलं, तर हे हसले. दुखतच नाही ते काय दाखवायचं?

आज त्यांनी कोपरा न् कोपरा तुडवला. मशीनखाली, टेबलाखाली, दाराशी. काही टोचलं नाही.

"जमीन साफ आहे," त्यांनी जाहीर केलं आणि खुर्चीत टेकले.

लेक आली. तिने पोरीला खाली सोडलं. पोर थोडी रांगली आणि थांबली. पांढऱ्या फरशीवर लाल ठिपका होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

लेक किंचाळली. पोरीला उचलून तिने हात पाहिले, गुडघे पाहिले, तोंडात बोट घालून पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. पण ठिपके आणखी होते. मशीनखाली, टेबलाखाली, दाराशी. घरात कुणी न दिसणारं फिरून गेल्यासारखे. मास्तरांच्या अंगावर काटा आला. शेवटचा ठिपका त्यांच्याच खुर्चीपाशी होता.

बायको खाली बसली. त्यांचा पाय मांडीवर घेऊन तिने तळवा उजेडाकडे वळवला. तिचा चेहरा उतरला.

"सुई आहे. अर्धी आत गेलीय."

मास्तर भयंकर घाबरले. त्यांनी डोळे मिटले, खुर्चीचा हात घट्ट धरला आणि कळ यायची वाट बघत राहिले.

"काढ ना गं मग," शेवटी ते म्हणाले.

"अहो, काढली कधीच."