कुलूपमामांचं पाणी

"मामा, होडी बाजूला घ्या. माझ्याकडे परवानगी आहे."

"असेल. इथे जाळं टाकायचं नाही म्हणजे नाही."

भाचीने कपाळावर हात मारला. मासा पुन्हा वाढावा म्हणून समुद्राचा हा तुकडा कितीतरी वर्षं बंद होता आणि मामा त्याचे पहारेकरी. सख्ख्या जावयालाही त्यांनी इथून हाकललं होतं. बंदरावर त्यांचं नावच पडलं होतं, कुलूपमामा. भाची माशांचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. पण तिची आकडेमोड 'वाढला असेल, नसेलही' यापुढे सरकत नव्हती. बाहेरचा समुद्र तर केव्हाच धुऊन नेला होता लोकांनी. आता सगळी भिस्त या तुकड्यावर.

त्यात आज दादाला शहरातल्या गोदामातल्या नोकरीबद्दल उत्तर कळवायचं होतं. इथे मासा असला तर तो राहणार. नसला तर होडी विकून, बायकापोरांना घेऊन नोकरीवर जाणार. "तू सांगशील ते," म्हणून बिचारा धक्क्यावर बहिणीची वाट बघत बसला होता.

तिने मामांना जुमानलं नाही. जाळं सोडलं. ओढायला लागली तर हाताला वजनच लागेना. वर आलं ते नुसतं शेवाळ. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. तिला रडूच फुटलं.

"कशाला जीव शिणवतेस?" मामा हळूच म्हणाले. "मी दर महिन्याला गुपचूप टाकून बघतो. काही नाही गं इथे. म्हणून तर कुणाला फिरकू देत नाही. हे कळलं तर माणसांनी कशाच्या जिवावर जगायचं?"

खरं ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती धक्क्यावर उतरली. पण सगळे गोळा झाले होते, अगदी म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. एवढे डोळे आपल्याकडे लागलेले बघून तिची जीभ काही रेटेना.

"दोन जाळ्यांवरून काही ठरवता येत नाही," ती कशीबशी म्हणाली. शास्त्राला धरून ते बरोबरही होतं. "बंदी आणखी ठेवावी लागेल."

मग दादाच ओरडला, "अरे, म्हणजे मासा आहे! नाहीतर बंद कशाला ठेवतील?"

एकच गलका झाला. तिने "दादा, ऐक" म्हणेपर्यंत त्याने शहरात फोन लावून नोकरी नको म्हणून सांगितलंही होतं.