ओले टाके

डॉक्टर युफेमिया लॉरींची ट्रंक अंगणातल्या बैलगाडीवर चढली होती, आणि बाई मात्र अजून वॉर्डातच उभ्या होत्या. वॉर्ड म्हणजे सर्बियातल्या एका गावची शाळा. फळा भिंतीवर तसाच होता. बाकं थंडीत जाळून झाली होती. जमिनीवर गवताच्या गाद्या, त्यांवर सर्ब जखमी, आणि दाराशी ऑस्ट्रियाचा कॅप्टन व्होंड्राक, टोपी हातात घेऊन. गाव ऑस्ट्रियाच्या हाती पडल्यापासून शाळेवर पहारा त्याचाच होता.

माणूस सभ्य, हीच तर पंचाईत. शिवीगाळ करणारा असता तर बाईंनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्याने हुकूम शांतपणे समजावून दिला. परदेशी बायका, म्हणजे सिस्टर आणि मदतनीस, यांनी आज व्हिएन्नामार्गे आपापल्या घरी जायचं. शत्रूचे डॉक्टर मात्र लढाई संपेपर्यंत सोडायचे नाहीत. आणि ज्या वॉर्डाला डॉक्टर नाही तो बंद. काठी टेकत का होईना, चालू शकतील ते जखमी उद्या पायी छावणीत. छावणी डोंगरापलीकडे होती आणि खिंडीत मांडीइतकं बर्फ साचलं होतं.

"इथे डॉक्टर कोणी नाही, असं मी धरून चालतो, मॅडम," तो म्हणाला.

त्या एका शब्दासाठी बाईंनी काय कमी ऐकून घेतलं होतं! कॉलेजात त्या वर्गात शिरल्या की पोरं बूट आपटायची. लढाई लागली तेव्हा त्यांच्याच देशातल्या एका साहेबाने त्यांना मोजे विणायचा सल्ला दिला, म्हणून तर त्या सर्बांकडे आल्या. पर्थमधली सख्खी आईसुद्धा चर्चमध्ये सगळ्यांना सांगायची, आमची एफी सिस्टर आहे. मुलगी डॉक्टर आहे असं सांगायची तिला लाज वाटे. ती आई आता पार थकली होती, तिची नजर गेली होती. आज गाडी चुकली तर पुन्हा भेट होईल, असं मानायला बाईंचं मन धजत नव्हतं.

"बाई, चला," ग्रिझेल कुजबुजली. ही त्यांची सिस्टर, पर्थला त्यांच्याच गल्लीत वाढलेली. "तो डोळेझाक करतोय, दिसतंय ना तुम्हाला? चला आता."

कॅप्टनला तेवढा एक साक्षीदार हवा होता, उद्या वरून कोणी विचारलं तर. त्याने सगळ्यात जवळच्या गादीवरच्या माणसाला विचारलं, ही बाई इथे काय करते?

तो माणूस राडिसाव. आला त्या दिवशी याने बाईमाणसाच्या हातून कापून घेणार नाही म्हणून शाळा डोक्यावर घेतली होती. पुढे त्यांच्याच हातून वाचला, तरी त्यांना मुद्दाम सिस्टर म्हणायचा आणि चिडल्या की खूश व्हायचा. परवा त्याच्या मांडीत राहून गेलेला तोफगोळ्याचा तुकडा बाईंनी काढला होता.

"ही?" राडिसाव म्हणाला. "ही सूप वाटते. भांडी घासते. डॉक्टर कसली, हिला सुईत दोरा ओवता येत नाही."

पलीकडच्या गाद्यांवरून माना डोलल्या. खरं आहे, सूप वाटते. हुकूम सगळ्यांनी ऐकला होता आणि सगळ्यांना कळलाही होता. उद्या खिंडीत कोण जाणार हे ज्याचं त्याला माहीत होतं, आणि तरी माना डोलत होत्या.

बाईंना भयंकर राग आला. कॅप्टनचा आला, ग्रिझेलचा आला, सगळ्यात जास्त या राडिसावचा. सगळे मिळून किती प्रेमाने त्यांना दाराबाहेर ढकलत होते! आणि घर आठवून रडू येत होतं ते वेगळंच.

त्या त्याच्या गादीशी गुडघे टेकून बसल्या.

"पांघरूण काढ."

"नाही काढत." त्याने घोंगडी दोन्ही मुठींत आवळून धरली. मग हळूच म्हणाला, "जा ना गं घरी. आम्ही बघू आमचं."

बाईंनी त्याचं एकेक बोट सोडवलं. बोटांत जोर होता, पण बाईंच्याही हातांना सवय होती. घोंगडी बाजूला केली, पट्टी उलगडली. मांडीवर काळ्या दोऱ्याचे टाके, सैल घातलेले, पू वाहून जायला खाली वाट ठेवलेली. जखम अजून ओली होती.

"हे टाके परवाचे आहेत, कॅप्टन. दारावर पहारा तुमचा. दुसरा कोणी डॉक्टर आत येताना पाहिलात?"

कॅप्टनने टाक्यांकडे पाहिलं.

"मी तुम्हाला विचारलं नव्हतं, मॅडम."

"माहीत आहे मला."

"यानंतर गाडी नाही."

"तेही माहीत आहे."

त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि बाहेरच्या शिपायाला ट्रंक खाली उतरवायला सांगितलं. वॉर्ड चालू राहील, म्हणाला, पण आजपासून दाराला बाहेरून कुलूप. राडिसावने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. बाईंनी त्याला दरडावलं, हलू नकोस, टाके तुटतील.

ग्रिझेल दारात थांबली होती. तिच्यामागे शिपाई कुलूप घेऊन उभा होता.

"तुमच्या आईंना काय सांगू?" तिने विचारलं.

बाई नवी पट्टी गुंडाळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"सांग, डॉक्टरांना सोडत नाहीत."